टाकीत घुबड, गच्चीवर वाळवण

१२ एप्रिल

हवा — कडक ऊन. दिसलं — उंदराची कवटी. माझ्या तांदूळ निवडायच्या ताटात!

सूनबाईनं ताट बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. "आई, या ताटात तुम्ही तांदूळ निवडता!" मी म्हटलं, आता नाही निवडणार, दुसरं घेईन. त्यात एवढं ओरडायचं काय?

मला तर बाई मजा वाटली. तेजलनं हातात चिमटा दिला — तिचा भुवया कोरायचा — आणि म्हणाली, "आजी, केस एकीकडे, हाडं एकीकडे." जन्मभर तांदळातले खडे काढले, मला हे काय जड! चष्मा लावला आणि बसले. दुपारची झोप गेली कुठल्या कुठे.

तर हे असं असतं. घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, केस नि हाडं पचत नाहीत. मग त्याची एक गोळी होते, ती ते तोंडावाटे टाकून देतं. तिला म्हणायचं पेलेट. पेलेट वाळवायची, फोडायची, की घुबड काय जेवलं ते कळतं. नातीची सुट्टीतली इंटर्नशिप हीच. प्राणी-पक्षी वाचवणारी एक संस्था आहे, तिथल्या जिज्ञासा मॅडम तिच्या वरच्या. तीन जागा बघायच्या — उल्हासनगरचं एक जुनं गोदाम, अंबरनाथची एक बंद पडलेली कंपनी, आणि बदलापुरात, बेलवलीत, आमचीच बिल्डिंग! गच्चीवर जुनी सिमेंटची टाकी आहे. काळ्या टाक्या आल्यापासून कोरडी. तिच्यात घुबडाचं बिऱ्हाड. पोरीला जंगल शोधायला नको, जिना चढली की झालं.

मॅडम सांगतात, रोज लिहायचं — तारीख, हवा, काय दिसलं. तेजल म्हणाली तू पण लिही. माझ्या लेकाची, अभिजीतची, कंपनीतली डायरी कोरीच पडली होती. मी चौथीपर्यंत, तीही अर्धी, जांभूळ गावच्या शाळेत. पण वाचणार कोण? लिहिते.

१३ एप्रिल

आज कवटी नाही. शेपटीचे मणके. मोत्यासारखे बारीक!

१५ एप्रिल

हवा — उकाडा. दिसलं — ते स्वतः!

दिवेलागणीला तेजल मला गच्चीवर घेऊन गेली. गुडघे म्हणाले नको, मी म्हटलं गप बसा. काळ्या टाकीआड दोघी बसलो. आणि आलं बाहेर. पांढरं! मला वाटायचं घुबड म्हंजे काळं, भयाण. ह्याचं तोंड सफरचंद मधोमध कापल्यासारखं. मान एवढी वळवली की माझी दुखली. मग उडालं — आवाज नाही, काही नाही. कुणी धुतलेला रुमाल सोडून द्यावा तसं गेलं नदीकडे.

आत चार पिल्लं. तेजलनं मोबाईल काठीला बांधून आतला फोटो काढला. एकेक लहान-मोठं, ओळीत, चौघांचीही तोंडं म्हातारीसारखी. आवाज कसला करतात? कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ सुसू करते ना, तस्सा. मी घाबरून म्हणणार होते गॅस बंद करा!

गव्हाणी घुबड म्हणतात ह्याला. गव्हाणीत राहणारं. म्हंजे आपल्या घरातलंच की.

आमचे हे गेले — कोंडाजी, जांभूळच्या पाण्याच्या प्लांटवर होते — तेव्हा गावात बोलले, आदल्या दिवशी घुबड ओरडलं होतं. मी तेव्हाच म्हटलं, झटका आला माणसाला, घुबड काय डॉक्टर होतं? बायका माझ्याकडे बघत राहिल्या. रडायच्या वेळी बोलते म्हणून.

१८ एप्रिल

उल्हासनगरला गेले तेजलबरोबर. सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही कशाला?" मी म्हटलं, पिशवी धरायला.

गोदाम एका सिंधी शेठचं. खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. "आओ अम्मा, उल्लू देखने आयी? ये तो लक्ष्मीजी की गाडी है!" बाई गं! म्हणतो, ह्याला कुणी हात लावायचा नाही, नोकराला सांगून ठेवलंय. निघताना पापडही दिले, मिरीचे, भाजलेले. पापड मात्र त्यांनी करावेत. आमचे फुलतात, त्यांचे बोलतात.

गंमत सांगायची राहिली. उल्हासनगरच्या पेलेटमध्ये नुसते थोराड उंदीर आणि घुशीची पोरं. आमच्या टाकीतल्या पेलेटमध्ये शेतातला उंदीर सापडतो, छोटा, दात पिवळे. तेजल नाचली. म्हंजे आमचं घुबड नदीपल्याड भातशेतावर जेवायला जातं. राहायला बिल्डिंगीत, जेवायला शेतात. माझ्यासारखंच, मलाही तांदूळ गावचाच लागतो!

२१ एप्रिल

हवा — कुणाला पडलीय हवेची!

खाली फळ्यावर नोटीस. जुनी टाकी पाडणार. येत्या रविवारी माणसं येणार. सही — श्रीपादराव, सेक्रेटरी.

कारण नोटिशीत लिहिलंय, "धोकादायक बांधकाम". खरं कारण सगळ्या बिल्डिंगीला माहीत. त्यांच्या समीरची बायको अनुया, तिला सातवा लागेल. डोहाळजेवण गच्चीवर करायचं घाटलंय. आणि गच्चीवर घुबड. कुंदा, म्हंजे श्रीपादरावांची बायको, जिन्यात प्रत्येकीला थांबवून सांगते — गर्भारणीच्या डोक्यावर घुबड बसलंय.

तेजल रडायला लागली. पिल्लांना पंख फुटलेत, उडता येत नाही. अजून महिना तरी हवा. आता टाकी फोडली तर चारही गेली. जिज्ञासा मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, कायद्यानं ह्या पक्ष्याला हात लावता येत नाही, वनखात्यात अर्ज देते, पण उत्तर रविवारच्या आत येईल असं नाही सांगू शकत.

अभिजीत कामावरून आला. शर्ट काढता काढता ऐकलं सगळं. म्हणाला, "आई, सोसायटीत राहायचंय आपल्याला. तेजल, भांडण झालं तर ही इंटर्नशिप बंद. सांगून ठेवतो." पोरीनं ताटावरून उठून आपल्या हाडांच्या डब्या आवरल्या. एकेक झाकण लावलं.

अभिजीत वाईट नाही. भित्रा आहे. लहानपणी कोंबड्याला भ्यायचा.

२१ एप्रिल

कुंदा भेटली जिन्यात. मुद्दाम भेटले म्हणा ना. कोथिंबीर निवडत बसले तिच्या वाटेत.

"कुंदा, महिनाभर थांबा की. पोरं उडून जातील."

"मावशी, तुमच्या घरात कुणी गर्भार नाही, तुम्हाला काय होतंय बोलायला."

"उल्हासनगरात शेठ ह्याला लक्ष्मीची गाडी म्हणतो."

"मग उल्हासनगरला न्या! उद्या बाळ होईल, त्याची दुपटी गच्चीत वाळत घालायची का नाही? घुबडाच्या नजरेखाली?"

"घुबड दुपटी बघत नाही गं. उंदीर बघतं. तुझ्या स्वयंपाकघरातले."

मग ती लाल झाली. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली नि म्हणाली, "शुभकार्यात असलं तोंड समोर नको बाई."

आणि गेली वर.

घुबडाबद्दल बोलत होती. असं मी धरून चालते. कोंडाजी गेल्यापासून मला हळदीकुंकवाचं, ओटीचं, बारशाचं बोलावणं येत नाही. नको कुणी म्हणत नाही हो. बोलावणं येत नाही, एवढंच. नंतर डब्यातून लाडू येतात खाली. लाडू चांगले असतात. मी खाते.

२३ एप्रिल

गहू भिजत घातले. बरेच. कशाला ते सूनबाईला सांगितलं नाही.

२४ एप्रिल

आज इतकी हसलेय की बरगड्या दुखतात.

काल गच्चीवर बाजरीचे सांडगे घातले होते. दिसायला राखाडी, ओबडधोबड. शेजारी वर्तमानपत्रावर तेजलनं अंबरनाथच्या पेलेट वाळत ठेवल्या. त्याही राखाडी. त्याही ओबडधोबड. संध्याकाळी आवरायला गेलो तर सांडगे सगळे जागेवर आणि पेलेट निम्म्या गायब! तेजलचा चेहरा पडला. "आजी, कावळा?" मी म्हटलं, कावळा उष्टं घुबडाचं कशाला खाईल.

आज दुपारी अनुया आली खाली. पोट धरून, जिना उतरताना हसतेय. मी म्हटलं अगं सांभाळ! खुर्चीत बसली आणि बोलताच येईना तिला.

"आजी... काल सासूबाईंनी तुमचे सांडगे आणले वरून. मूठभर, चव बघायला. रात्री वरणभाताबरोबर तळायला घेतले. फुगेचनात. म्हणतात, कौसामावशींना मेलं पीठ मळता येत नाही. मग वास सुटला, केस जळल्याचा! बाबा ताट घेऊन बसलेले. आणि तेलात वर काय तरंगलं सांगू? जबडा! दातांसकट!"

कुंदानं कढई गॅलरीत फेकली म्हणे. आणि बोलायची सोय नाही — बोलली तर चोरी कबूल!

मी तर पदर तोंडात कोंबला. तेजल मात्र खाली बसून म्हणाली, "हसू नका ना. माझा अंबरनाथचा डेटा तळला त्यांनी!"

मग अनुयाला आणखी हसू. ती उठताना हळूच म्हणाली, "आजी, मला झोप लागत नाही हल्ली. खिडकीत बसते. ते पांढरं समोरून जातं, आवाजच नसतो त्याला. बरं वाटतं मला. घरात कुणाला सांगितलं नाही."

म्हंजे ज्या पोरीसाठी टाकी पाडायची तिलाच ते हवंय! मी तेजलकडे बघितलं, तेजलनं माझ्याकडे.

२६ एप्रिल

गहू वाटून झाले. चीक गाळला. सोऱ्या घासून ठेवला. चार घरी जाऊन बसून आले — तिसऱ्या मजल्यावर, समोरच्या विंगेत. सगळीकडे एकच विचारलं, तुमचं वाळवण झालं का? नाही? मग उद्या या की वर, एकत्र घालू, सोबत होईल. डोळा मारला नाही. गरज पडली नाही. बायका हुशार असतात.

२७ एप्रिल, रविवार

हवा — झकास ऊन! दिसलं — श्रीपादरावांचा एक पाय, हवेत.

सगळं लिहिते, बोटं दुखली तरी.

उजाडायच्या सुमारास चीक शिजवला. सूनबाई झोपेतून उठून आली, पातेलं बघितलं, मला बघितलं. पदर खोचला आणि ढवळायला घेतलं. मी तिला आजवर बरंच बोललेय. आज नाही बोलणार.

सूर्य वर आला तोवर गच्चीवर पाय ठेवायला जागा नव्हती. दारापासून सुरुवात. जुनी नऊवारं अंथरली, त्यावर कुरडया, ओल्या, पांढऱ्या, एकाला एक लागून. पलीकडे साबुदाण्याच्या चिकवड्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांचे बटाट्याचे पापड. मिरच्या. कुणी लोणच्याच्या फोडी आणल्या, कुणी नुसतंच उन्हात ठेवायला गादी आणली. मी म्हटलं आणा, गादीही चालेल!

टाकीच्या शिडीपाशी तेवढी जागा उरली होती. तेजल म्हणाली, आजी, इथून जातील. आणि जिन्यात बांगड्या वाजल्या. अनुया! मागे मोलकरीण, तिच्या डोक्यावर पातेलं. कुंदानं पहाटेच चीक शिजवून ठेवला होता, आपल्या गॅलरीत घालायला. हिनं सगळा वर आणला. स्टुलावर बसून सोऱ्या फिरवला आणि सासूच्या कुरडया बरोब्बर शिडीच्या पायथ्याशी घातल्या. एकही तुटली नाही. हात चांगला आहे पोरीचा.

मग आली माणसं. घण, पहार, दोर. पहिला दारात आला, बघितलं, चपला काढल्या. "आजी, पाय कुठं ठेवू?"

"ठेवूच नकोस."

दुसरा म्हणाला, "खाण्याची चीज आहे, ह्यावरनं कोण जाईल? आईनं तंगडी मोडली असती." दोघं पायरीवर बसले. मी त्यांना चीक दिला वाटीत, गूळ घालून.

श्रीपादराव आले. सफारी घालून आले होते, रविवारी!

"कौसाबाई, हे उचला."

"ओल्या आहेत श्रीपादराव. उचलल्या तर मोडतील."

"मग कधी वाळणार?"

"ऊन सांगेल."

"हा काय प्रकार आहे? गच्ची सार्वजनिक आहे!"

"म्हणूनच सगळ्यांचं आहे."

मागे बायका पदरात हसल्या. ते तापले. पाय उचलला. खरंच उचलला! बूट कुरडयांवर, वीतभर उंच. आत पिल्लांचं सुसू तेवढं चाललेलं. मी म्हटलं, "ठेवा. पण बघून ठेवा, शिडीपाशी तुमच्याच घरच्या आहेत."

तो पाय तसाच हवेत. मग मागे गेला. माणूस कितीही रागावला तरी अन्नावर पाय द्यायला वेगळी छाती लागते, ती त्यांच्यात नाही. चांगलंच आहे म्हणा ते.

कुंदा धावत वर आली. "कुणी घातल्या माझ्या कुरडया इथे!" अनुया म्हणाली, "मी. गॅलरीत ऊन नाही, आई." श्रीपादराव ओरडले, गच्चीला कुलूप लावतो! कुंदा त्यांच्यावर ओरडली — "आणि माझ्या कुरडया आत? कावळे खातील ना!"

घण परत गेले. आमचे लोक जेवायला गेले. मी मात्र तिथंच बसले, टाकीला टेकून. आत चौघं, बाहेर मी.

२८ एप्रिल

अंग मोडून आलंय. हात खांद्याच्या वर जात नाही. पण काय झोप लागली!

३० एप्रिल

कुरडया वाळल्या. ही पंचाईत आहे. वाळवणाचं असं की ते वाळतं.

सूनबाई म्हणाली, "आता पापड घाला." उडीद संपलेत. वर श्रीपादराव चकरा मारतात, मोकळी फरशी मोजल्यासारखे.

अभिजीत चार दिवस माझ्याशी बोलला नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर त्याला काहीबाही लिहिलं लोकांनी. आज कामावरून उशिरा आला, घामानं भिजलेला, खांद्यावर गोणी. धप्पकन ओट्याखाली ठेवली.

"हे काय?"

"उडीद. उल्हासनगरहून आणले. पापडवाल्यांकडचे, चांगले असतात म्हणालीस ना."

आणि बाथरूमात गेला. तेजलनं त्याच्या पाठीवर उडी मारली तेव्हा म्हणाला, "अंगाला वास येतोय, उतर." पण उतरवलं नाही तिला.

कोंबड्याला भिणारा माझा पोरगा!

६ मे

पापड. पापड. पापड. लाटणं माझ्या हाताला चिकटून जन्माला आलं असं वाटायला लागलंय.

तेजल पेलेट आणि पापड एकाच यादीत लिहिते, हल्ली मधे जाड रेघ मारते. सांडग्यांपासून शिकली.

११ मे

हवा — वारा. दिसलं — कुंदा. खरी कुंदा, तीस वर्षांत पहिल्यांदा.

भर दुपारची वेळ. मी जिन्याच्या सावलीत बसले होते, डुलकी लागली होती. गच्चीत कुंदा आपल्या चिकवड्या राखत होती, काठी घेऊन. आता तीही घालते वाळवण. म्हणते, गच्ची अडलीच आहे तर घ्या घालून. घुबडाकडे पाठ करून बसते. हट्ट आहे.

कावळ्यांच्या गलक्यानं जाग आली. बघते तर सगळ्यात मोठं पिल्लू टाकीच्या काठावर आलं आणि तोल जाऊन पडलं, थेट चिकवड्यांवर. उन्हात त्याचे डोळे मिटलेले. पंख पसरून, ते सुसू करत, फिरतंय गोल गोल. पायाला चिकवड्या चिकटल्या. आणि कावळे! कुठून एवढे आले? एकानं शेपूट ओढलं, दुसऱ्यानं डोक्यात चोच हाणली. मी उठायला गेले, गुडघा धरला. हाका मारतेय तेजल, तेजल!

कुंदा उठली. पदर कमरेला, काठी गरागरा. "हाड! हाड रे मेल्यांनो! लहान आहे ते, दिसत नाही?" असं म्हणाली. मी ऐकलंय. पिल्लाच्या अंगावर उभी राहिली, दोन पायांत घेऊन, आणि काठी फिरवते. एक कावळा तिच्या डोक्याला चाटून गेला, अंबाडा सुटला. हलली नाही. पिल्लू तिच्या साडीच्या निऱ्यांत घुसलं.

तेजल टॉवेल घेऊन आली, उचललं, वर ठेवलं. डोक्यावर थोडं रक्त, बाकी ठीक.

कुंदा बसली मटकन. केस मोकळे, धापा टाकतेय. माझ्याकडे बघून म्हणाली, "मी चिकवड्या राखत होते."

मी म्हटलं, "हो तर."

"त्याचं काळीज केवढं धडधडतं हो, मावशी. पायाला लागत होतं."

मी पाणी आणून दिलं. दोघी बसलो. सांडग्यांचा विषय काढावासा फार वाटला. नाही काढला. देव मला ह्याचं पुण्य देईलच.

१६ मे

वनखात्याचं पत्र आलं. पिल्लं असेपर्यंत टाकीला हात लावायचा नाही. जिज्ञासा मॅडम स्वतः घेऊन आल्या, उंच, सावळ्या, पायात पुरुषी बूट. मी म्हटलं, बाई, पत्राआधी पापड पोचले. त्या इतक्या हसल्या. पत्र श्रीपादरावांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, "असेपर्यंत. नंतर नाही." ते खरं. पत्रात तसंच आहे.

२२ मे

एक उडालं. काळ्या टाकीपर्यंत. उतरताना आपटलं, इकडेतिकडे बघितलं — कुणी पाहिलं तर नाही ना! मी पाहिलं रे बाबा.

२७ मे

आता चौघंही उडतात. संध्याकाळी बाहेर, पहाटे कुठंतरी दुसरीकडे. टाकी रिकामी वाटते. मोठी दोघं, आईबाप, येऊन बसतात फक्त. तेजल म्हणते, टाकी राहिली तर पुन्हा इथंच अंडी घालतील, नाही राहिली तर जागा शोधत फिरतील, हल्ली कुठं मिळते जागा.

वाळवणाचे दिवस संपले. माझ्याकडे आता घालायला काही नाही. श्रीपादरावांनी फळ्यावर नवीन नोटीस लावली. सोमवारी घणवाले परत. आदल्या दिवशी डोहाळजेवण, गच्चीवर, सर्व भगिनींनी अगत्य यावे.

सर्व भगिनी! सूनबाईला कुंदा घरी येऊन सांगून गेली. मी ओट्याशी उभी होते. माझ्याकडे बघून थांबली, काहीतरी बोलणार होती. मग नुसतंच, "येते मावशी."

तेजल चिडली. "आजी, तू त्यांना सोडतेस? चल तू पण, कोण अडवतं बघते!" मी म्हटलं, घुबडासाठी भांडले, माझ्यासाठी नाही भांडणार. मला न बोलावता जायचं नाही. ते माझं आहे. तिथं कुणाचं चालायचं नाही, तुझंही.

तिचा रिपोर्ट झाला. उद्या मॅडमना देणार. टाकी पाडली तर रिपोर्टातल्या बदलापूरपुढे काय लिहायचं, विचारत होती. मी म्हटलं, तेवढी ओळ कोरी ठेव.

१ जून, रविवार

हवा — ढग आलेत. वरून गाण्यांचा आवाज. मी घरी, एकटी, टीव्ही लावलेला, बघत नाही.

दार वाजलं. मला वाटलं लाडू आले.

कुंदा. जरीची साडी, हातात तबक, जिना उतरून दम लागलेला.

"मावशी, चला वर. अनुयाला विचारलं, कसले डोहाळे लागलेत गं, सांग, पुरे करू. सगळ्यांसमोर म्हणाली, दोन आहेत. एक — टाकी पाडायची नाही. ह्यांनी कबूल केलं, करतात काय, गर्भारणीनं मागितलंय."

"आणि दुसरा?"

तिनं तबक माझ्या हातात दिलं. खण, नारळ, तांदूळ.

"पहिली ओटी तुम्ही भरायची."

मी टीव्ही बंद केला. पातळ बदललं. गेले.